दोरावरची जागा

वामनदादा तांडेल कुणाच्या दारावर थाप मारत नसत. पहाटे तुळशीच्या पलीकडे उभे राहून खाकरत. एकदाच. मग बिडी पेटवत. बिडी संपेपर्यंत माणूस बाहेर आला नाही तर चालू लागत. दुसऱ्या दिवशी परत हजर.

देवबागात आमच्या रापणीचे ते म्होरके. होडीतून जाळं लांबवर टाकतात आणि किनाऱ्यावरून सगळी माणसं दोन्ही टोकांचे दोर ओढतात, ती रापण. मीही ओढायचो. मग दारू लागली आणि दोर सुटला. खोटं कशाला सांगू, मालतीवर, माझ्या बायकोवर, मी हातही उचलला आहे.

तिनेच मला देवळात नेलं. गावकऱ्यांनी माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, मी नारळावर हात ठेवून शपथ घेतली. आठव्या दिवशी मोडली. मग लाजेने घराबाहेर पडेना. लोकही म्हणाले, आता देवच काय तो बघेल. आधी चारचौघांत प्यायचो, शपथेनंतर एकटा पिऊ लागलो. एवढाच फरक.

तेव्हा दादा पहिल्यांदा आमच्या अंगणात खाकरले. तीन दिवस मी गेलो नाही. चौथ्या दिवशी बाहेर येऊन म्हटलं, "दादानु, मी देवाची शपथ मोडलंय."

"देव काय सकाळी येवन तुका उठवतलो? चल. दोर ओढूक माणसा कमी पडतत."

मला त्यांनी स्वतःच्या पुढे उभं केलं. म्हणाले, "तू ढिलो पडलंस की माका हातात कळता." खरंच कळायचं. माझी पकड सैल व्हायची, तेव्हा मागून दोर ताणला जायचा.

शिमग्यात मी पिऊन दोरावर गेलो आणि आपटलो. जाळं एका बाजूने सैल पडलं, हातातोंडाशी आलेली मासळी गेली. माणसं खवळली. "ह्याका आधी हाकला!"

दादा म्हणाले, "हाकलून खंय धाडतलास? गुत्त्यार? थयसर तेका कोणय 'ये' म्हणतलो." मग माझ्याकडे न बघता, "उद्या ये रे. जागा तुझीच आसा."

त्यानंतर मी प्यालो नाही. मालती म्हणायची, "तुमका देवान नाय, ह्या म्हाताऱ्यान सोडवल्यान." सकाळच्या पेजेत ती दादांसाठी एक वाटी जास्त टाकायची.

मालती तापाने गेली, ऐन पावसाळ्यात. बाराव्यानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. सकाळी गुत्त्यावर जायचं ठरवून उठलो आणि अंगणात खाकरणं ऐकू आलं. दादांचा तेव्हा एक पाय लुळा झाला होता. डोक्यावर इरलं, हातात काठी.

मी म्हटलं, "पावसात खंयची रापण, दादानु?"

"रापण नाय. पेज आसा?"

मी पेज केली. जन्मात पहिल्यांदा. एक घोट घेऊन म्हणाले, "मीठ घालूक इसारलंस." आणि वाटी संपवली. पावसाळाभर ते पाय ओढत येत राहिले.

त्यांचा मुलगा पांडू. मुंबईत गिरणी बंद पडली, गावी आला, पितो. दादांच्याच आवारात वेगळी खोपी आहे. त्याच्या दारात मात्र दादा कधी खाकरले नाहीत. "बापाक तो भायर येवचो नाय," म्हणायचे. "दुसऱ्या कोणीतरी जावक व्हया." असं म्हणताना माझ्याकडे बघायचे. मला कळत होतं. मी दुसरीकडे बघायचो. माझंच मला निभत नव्हतं.

वैशाखात दादा गेले. तोपर्यंत मी पांडूच्या दारात एकदाही गेलो नव्हतो. हे मला मरेपर्यंत खाईल.

आता जातो. पांडूच्या खोपीसमोर खाकरतो, बिडी पेटवतो. अकरा दिवस झाले. काल आतून ओरडला, "कित्याक येतास हो नारानकाका? माका सुधारूक?"

मी म्हटलं, "नाय रे. सकाळी घरात एकटो रवलंय तर मी पितलंय."

असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादांनाही नाही.

कडी काही निघाली नाही. बिडी विझली तरी मी उभाच होतो. थोड्या वेळाने आतून हळूच आलं, "उद्या येतलास मां?"