पट दिसंना झालाय

खुर्ची ही वस्तू बसण्यासाठी असते यावर अख्ख्या सोलापुरात एकाच माणसाचा विश्वास नाही, आणि तो माणूस माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा नवरा. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा साहेब त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलायला उभे राहिले, आणि सत्कारमूर्ती हॉलमधला पंखा का फिरत नाही ते बघायला स्टुलावर चढलेले. हार शेवटी त्यांना स्टुलावरच घालावा लागला. भाकरी ते उभ्याने खातात. दूध आणायला म्हणून जुळे सोलापुरातल्या घरातून निघतात आणि तासाभराने सात रस्त्याहून शेंगाचटणी घेऊन उगवतात, दूध राहिलेलंच असतं. दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर ‘बसा’ म्हणाले तेव्हा यांनी विचारलं, “उभ्यानं न्हाय का जमत?” ‘चला, आटपा, घाई हाय’ हे त्यांचं पालुपद. कशाची घाई, असं विचारलं की चिडतात. मी जात्याच आळशी असल्यामुळे त्यांच्या नुसत्या शेजारी बसलो तरी मला दम लागतो. म्हणजे बसतो मी एकटाच.

अशा माणसाला बुद्धिबळाचा नाद लागावा ही देवाची गंमत म्हणायची. तेही साध्या पटावर नाही, संगणकावर, एका जुन्यापुराण्या वेबसाइटवर. त्या साइटवरचा पट दिसायचा एका प्लगिनच्या जिवावर. प्लगिन म्हणजे ब्राउझरला लावायचं एक लहानसं ठिगळ. ते असलं तर पट, सोंगट्या, सगळं दिसतं. नसलं तर त्या जागी राखाडी चौकोन येतो, आत एक रुसलेला चेहरा. जगाने हे ठिगळ कधीच टाकून दिलं होतं. नवे ब्राउझर त्याला दारात उभं करत नव्हते. म्हणून साडूंनी फक्त त्या पटासाठी एक म्हातारा संगणक आणि त्यात तितकाच म्हातारा ब्राउझर सांभाळला होता. ‘अपडेट उपलब्ध आहे’ असा निरोप पडद्यावर आला की दारावर आलेल्या विक्रेत्याला लावावं तसं ते त्याला ‘नंतर या’ म्हणून वाटेला लावायचे. त्या टेबलाजवळ फडकं घेऊन जायची परवानगी अक्कांनासुद्धा नव्हती. ‘ह्येला हात लावायचा न्हाय’ अशी पाटी यांनी स्वतःच्या हाताने लिहून संगणकाला चिकटवली होती आणि त्याला दिवसभर हात लावत बसणारे, चुकलो, उभे राहणारे, हेच एकटे.

हा दुरुस्तीचा किडा पुढे आवरेना. आमच्याकडे सत्यनारायण होता. भटजींचा तिसरा अध्याय चालू असताना हे माझ्या संगणकाशी उभे राहून कुकीज, म्हणजे संगणकाने साठवलेल्या ओळखीच्या खुणा, पुसत होते. प्रसाद घेताना म्हणाले, “लई घाण साठली होती बघा. समदं स्वच्छ करून ठेवलंय.” दुसऱ्या दिवशी विजेचं बिल भरायला बसलो तर संगणक मला ओळखेना. सगळे पासवर्ड प्रसादाबरोबर वाटले गेले होते. बायकोने मला शांत केलं, कारण बहिणीच्या नवऱ्यावर ओरडायचा हक्क आमच्याकडे फक्त बहिणीला आहे.

एका पटासाठी एवढी धडपड कशाला, असं मलाही वाटायचं. खरं कारण अक्कांनी सांगितलं. पलीकडून खेळणारा माणूस म्हणजे साडूंचे सख्खे थोरले भाऊ, दुधनीचे अण्णा. दुधनीत त्यांचं आडतीचं दुकान. स्वभावाने ते आमच्या साडूंच्या थेट उलटे. चहात साखर किती, एवढं विचारलं तरी आधी छताकडे बघणार. वडील गेल्यावर या दोघांनी शेत वाटलं, घर वाटलं, एका शब्दाने वाद झाला नाही. वाद झाला तो वडिलांच्या सागवानी बुद्धिबळावर. अण्णा म्हणाले, मी आधी शिकलो. हे म्हणाले, मी शेवटपर्यंत बाबांबरोबर खेळलो. तेव्हा चुलत्यांनी निवाडा केला: पांढऱ्या सोंगट्या थोरल्याच्या, काळ्या धाकट्याच्या, आणि मिटणारा पट बिजागरी काढून निम्मा निम्मा. दोघांनी आपापला वाटा पिशवीत घातला आणि तिथून बोलणं बंद केलं. खेळायचं म्हटलं तर दोघांकडेही धड काही उरलं नाही. कित्येक वर्षं गेली. लग्नाकार्यात हे दोघे एकमेकांकडे पाठ करून असे उभे राहायचे की फोटोवाला हैराण व्हायचा.

जावाजावांनी मात्र अबोला धरला नव्हता. अण्णा हल्ली अमुक साइटवर बुद्धिबळ खेळतात, हे दुधनीच्या वहिनींनी अक्कांना फोनवर सांगितलं आणि साडूंनी ते भाजी निवडता निवडता, अर्थात उभ्यानेच, ऐकलं. त्याच संध्याकाळी यांनी तिथं नाव नोंदवलं आणि अण्णांना आव्हान पाठवलं. अण्णांनी ते स्वीकारलं. बोलणं नाही, चालणं नाही, नुसता डाव. अण्णा एकेका चालीला इतका वेळ घ्यायचे की तेवढ्यात यांचं झाडांना पाणी घालून, स्कूटर पुसून, शेजाऱ्याचा नळ दुरुस्त करून व्हायचं.

आणि एक दिवस पट दिसेनासा झाला. यांचा नव्हे, अण्णांचा. फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सुरुवात.

“पट दिसंना झालाय.”

“काय दिसायलंय?” साडूंनी विचारलं.

“राखाडी चौकोन.”

“त्यावर उजवं बटण दाबावं.”

“दाबलं.”

“मग काय आलं?”

खूप वेळ शांतता, आणि मग, “जेवायला बोलवायलेत.” फोन बंद.

तेव्हापासून हे नेहमीचंच झालं. ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, नुसतं दाबावं, पुसावं, परवानगी द्यावी. हात मोकळे राहावेत म्हणून साडू फोन मोठ्या आवाजावर ठेवून घरभर फिरायचे, त्यामुळे ही दुरुस्ती सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. कशानेच जमलं नाही की शेवटचा उपाय, संगणक बंद करून परत चालू करणे. अण्णांचाही संगणक म्हातारा. तो जागा होईस्तोवर दोघांना फोन धरून थांबावं लागायचं, आणि नुसतं थांबणार तरी किती?

“तूर काय म्हणायलीय?”

“काय दम न्हाय.”

“गुडघा?”

“हाय तसाच.”

मी एकदा म्हणालो, “चला, बोलायला लागलात म्हणायचं.” साडू माझ्यावर उखडले. “ह्याला बोलणं म्हणायचं न्हाय. हे दुरुस्तीचं काम हाय.”

मग या वर्षी घात झाला. साइटवाल्यांनी सगळंच नवं केलं. प्लगिन गेलं, राखाडी चौकोन गेला, पट कुठल्याही ब्राउझरवर, अगदी मोबाइलवरसुद्धा बोट लावताच दिसायला लागला. पहिल्या दिवशी साडूंनी गल्लीला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. चौथ्या-पाचव्या दिवशी मी गेलो तर चेहरा उतरलेला. डाव चालू होता, अण्णांचे उंट, हत्ती वेळेवर सरकत होते, फोन मात्र मुका. साडू तो दर थोड्या वेळाने उचलून रेंज बघायचे. “मला एक फोन लावून बघा हो,” असं मला समोरासमोर उभं करून सांगायचे. नवी पेठेत जाऊन त्यांनी सिमकार्डसुद्धा बदलून आणलं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे बोलणं शेवटच्या फोनला अर्धवट राहिलं होतं आणि ते यांच्या मनातून जात नव्हतं.

“मग तुम्हीच करा की फोन,” मी म्हणालो.

“काय म्हणून करू? चालायलंय की समदं.”

इतक्या वर्षांत मी या माणसावर हसलो, वैतागलो, पण वाईट कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होतो. साडू पडद्यासमोर या पायावरून त्या पायावर करत उभे होते आणि मी त्यांच्या बिनवापराच्या खुर्चीत ताक पीत बसलो होतो. चाल अण्णांची होती. फोन वाजला. साडूंनी तो असा झडप घालून घेतला की माझं ताक सांडलं.

“पट दिसंना झालाय,” अण्णांचा सावकाश आवाज आला. “समदं राखाडी दिसायलंय.”

नव्या साइटवर राखाडी चौकोन येतच नाही, हे मलासुद्धा कळत होतं. आणि अण्णा बोलत असतानाच समोरच्या पडद्यावर त्यांचा पांढरा घोडा उठला, अडीच घरं चालून यांच्या वजिराच्या अंगावर येऊन उभा राहिला. मी तोंड उघडणार तोच साडूंनी हात वर करून मला गप्प केलं. घोड्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसले. हो, बसले.

“बंद करून परत चालू करावं लागंल,” ते म्हणाले.

“केलं,” अण्णा म्हणाले. “आता वेळ लागंल.”

“लागू द्या. गुडघ्याचं काय ठरलं?”

मग अण्णांनी त्यांना घरातल्या जुन्या कानडी हाकेने हाक मारली, धाकट्या भावाला मारतात ती. “बघ की तम्मा. डॉक्टर सोलापूरला ये म्हणायलेत. पर तितं राहायचं कुटं?”

साडूंनी अक्कांकडे बघितलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात हातातलं पीठ तसंच घेऊन उभ्या होत्या.

“अजून चालू व्हईना बघ हे,” अण्णा घाईघाईने म्हणाले. अण्णांना घाई झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

साडूंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

“सावकाश होऊ द्या, अण्णा,” ते म्हणाले. “मला काय घाई न्हाय.”