सामानासाठी स्थळं पाहणारी शालू

सकाळी शालूच्या शेजारणीचा फोन आला. "काकू, लवकर या... शालूताई उठूनच नाही राहिल्या." मी सक्करदऱ्याला तिच्या घरी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. जमिनीवरच्या पातळ गादीवर ती कुशीवर निजल्यासारखी दिसत होती. हळूहळू माणसं जमली, पण बसायला घरात काहीच नव्हतं. शेजाऱ्यांनी आपल्या खुर्च्या आणल्या, सतरंजी आणली. तिच्या चुलत भावाने चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि हळूच मला विचारलं, "घर एवढं खाली काहून? चोरीबिरी झाली का?" मला त्याही क्षणी हसू आलं... आणि जिला सांगून हसायचं, ती समोर निजलेली होती.

शालूने आणि मी टेलिफोन ऑफिसात शेजारीशेजारी बसून नोकरी केली. तिने लग्न केलं नाही. माझे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर माझी संध्याकाळ तिच्याच घरी जायची. त्या दोन खोल्या तिने फार हौसेने भरल्या होत्या. महालच्या बाजारातून पारखून आणलेले पाणी भरायचे तांब्याचे गुंड, शिलाई मशीन, रेडिओ, आणि बैठकीत पितळी कड्यांची सागवानी बंगई, ज्या झोपाळ्यावर आम्ही दोघी रोज संध्याकाळी बसायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल स्पष्ट सांगितलं आणि थोड्याच दिवसांत गुंड दिसेनासे झाले.

"काहून देऊन राहिली वं सगळं?" मी चिडून विचारलं.

"मी गेल्यावर कबाडी येईल अन् तराजूत टाकून नेईल. त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या घरी जाऊ दे ना."

मागायला येणाऱ्याला ती आधी चहा पाजायची, घरी कोण कोण असतं ते विचारायची. "माझ्यासाठी बाबांनी एवढी स्थळं पाह्यली नसतील, जेवढी मी या मशीनसाठी पाह्यली," असं म्हणून स्वतःच खळखळून हसायची. एका गृहस्थांना हॉटेलच्या दारात टांगायला बंगई हवी होती, नुसती शोभेला. तिने त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मग कळमेश्वरहून एक जोडपं आलं. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला, बायकोला सातवा महिना. ती पोर आल्या आल्या, कुणाला न विचारता बंगईवर टेकली आणि पायाने झोका घेऊन तिने डोळे मिटले. शालूने पुढे काही विचारलंच नाही. "हिची झाली," म्हणाली, "बाळ झालं की पाह्यले येईन."

बंगई उतरवून टेम्पोत चढवली, त्या दिवशी मात्र मी भांडले. "साऱ्या जगाले काही ना काही दिलं. अन् मले?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुले काय देऊ वं? तू माझ्याच वयाची... तुझ्यामागं त्या सामानाले पुन्हा स्थळ कोण पाहील?"

त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचो, आणि बोलणं जरा कमीच व्हायचं.

माणूस गेलं की मागे आवराआवर उरते. कपाट उघडायचं, पातळाचा वास घ्यायचा, रडायचं, पुन्हा घडी घालायची... त्यात दिवस सरतात. शालूने मला तेवढंही काम ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गादी शेजारणीने नेली, मी किल्ली तिच्या भावाच्या हातात दिली आणि दुपारच्या आत घरी परतले. पुढच्या संध्याकाळी काय करायचं, ते मात्र कळेना.

परवा न राहवून कळमेश्वरची बस धरली. घर शोधलं. ती पोर बंगईवर बाळाला घेऊन बसली होती. मला पाहताच हसली आणि माझ्या मागे, दाराकडे बघू लागली. "शालूमावशी नाही आल्या?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने पाय टेकवून बंगई थांबवली. मग उठून बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसत चहा मांडायला आत गेली.

मी बंगईवर बसले. एका कडेला, साखळीला खेटून, उरलेली जागा मोकळी सोडून... इतक्या वर्षांची बसायची सवय. हलकेच झोका दिला. बाळ माझं बोट धरून झोपून गेलं.

ती चहा घेऊन आली, आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहत उभीच राहिली.

"बस ना वं," मी म्हणाले.