लाल ढेकण्या

लेक धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. आईच्या जिवाला घोर लागला होता.

लेक संग्रहालयात किडे ओळखायचं काम करायची. सगळे ज्याला कपाशीवरचा नेहमीचा लाल ढेकण्या समजत, तो किडा वेगळ्याच जातीचा आहे हे तिनेच हेरलं होतं. याचे खांदे टोकदार होते आणि पाठीवरचा काळा पट्टा मधोमध तुटलेला होता. तिने हे हौसेने आपल्या वरिष्ठाला दाखवलं. त्याला ती दादा म्हणायची. काल भर सभेत दादाने तो शोध स्वतःचा म्हणून सांगितला.

"आणि तू काय केलंस?"

"टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते."

"अगं, केसाने गळा कापला की त्याने!"

"जाऊ दे आई, तू मध्ये पडू नकोस."

"पोटच्या पोरीसाठी नाही तर कुणासाठी पडू?"

शोध कुणाचा, हे दादाने संचालकांना स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढंच आईचं म्हणणं होतं. तिने त्याला फोन लावायचं ठरवलं.