मनगटावरचं कडियाळं

"हात पुढे कर." बाईंचा पहिला धडा एवढाच. घोडा अजून ठाणावरच. घोड्याच्या तोंडात बसणारी लगामाची लोखंडी कडी, म्हणजे कडियाळं, बाई विद्यार्थ्याच्या मनगटावर बसवायच्या, हनुवटीखालची साखळी मनगटाखाली अडकवायच्या आणि लगाम ओढायच्या. "आता सांग, कसं वाटतं?"

सिंगापुरातल्या आमच्या पागेत शिकणारे बहुतेक चिनी, पण "हात पुढे कर" एवढं मराठी सगळ्यांना यायचं. मी तिथलं ऑफिस सांभाळते. माझंही मनगट सुटलं नव्हतं.

बाई आठवडाभर तुआसला क्रेनच्या कारखान्यात इंजिनियर. शनिवार-रविवार आमच्याकडे वेस्टर्न रायडिंग, म्हणजे काउबॉयसारखं एका हातानं घोडा चालवणं, शिकवायच्या. कडियाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या जितक्या लांब, तितका जबड्यावर जोर जास्त. "तरफ आहे ही," म्हणायच्या. "तू बोटभर ओढलंस तरी त्याला हातभर लागतं." नवशिक्याला बिनदांड्यांचं, मधे सांधा असलेलं साधं कडियाळं आणि लगाम दोन्ही हातांत. हात हलका झाला की मगच दांड्यांचं, एका हातानं, तेही लगाम सैल ठेवून. साखळीखाली दोन बोटं शिरली नाहीत, तर बाईंनी स्वाराला खाली उतरवलंच म्हणून समजा.

पुण्याच्या एका बाबांनी विचारलं, आमचा मुलगा एका हातानं कधी चालवणार? बाई म्हणाल्या, "आधी दोन्ही हातांनी चहा न सांडता आणू दे."

स्पर्धा जवळ आली तसा तांबडा घोडा मान झटकू लागला. पागेच्या मालकांनी लांब दांड्यांचं कडियाळं आणलं. यानं गप्प होईल, कॅन लाह, जमेल की, म्हणाले. बाईंनी घोड्याचे ओठ पाहिले. एक कोपरा सोललेला.

"मान झटकत नाहीये तो. नाही म्हणतोय." मग मालकांकडे वळल्या. "हात पुढे करा."

मालक हसले आणि त्यांनी हात खिशात घातले.

"मग त्याच्या तोंडातही नाही."

उद्यापासून येऊ नका, मालक म्हणाले. बाईंनी कडियाळं खिळ्याला अडकवलं, मला म्हणाल्या, "साखळीत दोन बोटं. लक्ष ठेव." आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी तुम्ही तिथे असायला हवं होतं. विद्यार्थी खोगिरं घेऊन उभे. मालकांनी तेच कडियाळं माझ्या हातात दिलं, तांबड्याला चढव म्हणाले.

"हात पुढे करा," मी मराठीतच म्हटलं.

त्यांना समजलं. हात पुन्हा खिशात गेले. मागे विद्यार्थ्यांनी एकेक करून खोगिरं खाली ठेवली.