पंधरा गाठींचं पाणी

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते एका टाचेवरून. हसू नका. माणसं जमिनीवरून भांडतात, खुर्चीवरून भांडतात. आमचे मास्तर टाचेवरून जळत होते. आणि जळत होते म्हणजे किती, तर घरात नळाला पाणी आलं नाही तरी त्याचा दोष सिनेमातल्या एका हिरोला द्यायचे.

मास्तर म्हणजे नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवणारे. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, औषधाच्या पाण्यानं डोळे बारा महिने लाल. सव्वीस वर्षांत शहरातली निम्मी पोरं त्यांच्या तळहातावर तरंगायला शिकली. उंचावरून सूर मारायच्या आधी डावी टाच दोनदा आपटायची, ही त्यांची शिकवण. टक, टक. त्यात जादू काही नाही. पायाखाली निसरडं असेल तर ते टाचेला आधी कळतं, एवढंच. सव्वीस वर्षं त्यांनी हे सांगितलं आणि सव्वीस वर्षं पोरांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी! आणि सगळ्यांत पालथा घडा घरचाच. मास्तरांची एकुलती एक लेक, वय वर्षं सोळा, तीन वर्षांची असल्यापासून पाण्यात, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणत. ती म्हणायची, "बाबा, ते टकटक म्हाताऱ्यांसारखं दिसतं हो." आणि तशीच धाडकन उडी घ्यायची.

मग हिरोचा तो सिनेमा आला. त्यात हिरो खाणीच्या कड्यावर धावत येतो, डावी टाच दोनदा आपटतो, पायाचा अंगठा दगडावर जरासा घासतो, म्हणतो, "खोली विचारत बसणारे काठावरच राहतात," आणि खालच्या हिरव्या पाण्यात सूर मारतो. झालं! पंधरा दिवसांत अख्ख्या शहराच्या टाचा वाजायला लागल्या. पोरं बसच्या पायरीवर टाच आपटत होती, शाळेच्या जिन्यात आपटत होती, एकानं तर म्हणे दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसण्याआधी आपटली. आणि एका सकाळी तलावावरच्या उंच फळीवर मासोळी उभी राहिली. टक, टक. वर अंगठाही घासला.

मास्तर शिट्टी फुंकायची विसरले. "हे काय आज नवीन?"

"हिरोची स्टाइल आहे, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "तेरा वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा म्हातारपण दिसलं. त्या नटव्यानं केलं तर लगेच स्टाइल!" बायको बेकरीच्या काउंटरवर काम करायची, गिऱ्हाइकांसमोर दिवसभर तोंड आवरायची सवय होती तिला, पण हे ऐकून तिला इतकं हसू आलं की ती खालीच बसली. डोळे पुसत म्हणाली, "अहो, स्वतःचाच हेवा करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय."

कारण ती उडी हिरोची नव्हतीच. मास्तरांची होती.

आठ महिन्यांपूर्वी सिनेमावाले जुन्या दगडाच्या खाणीवर आले होते. खाण कधीची बंद, पाण्यानं भरलेली. हिरोला पोहता येत नव्हतं. उंची मात्र दोघांची सारखी, आणि मास्तर पन्नाशीला आले तरी पाठ अजून तिशीतली. सिनेमावाल्यांनी त्यांच्या डोक्यावर केसांचा टोप चढवला, खांद्यावर हिरोच्या गोंदणासारखा गरुड रंगवला आणि एका कागदावर सही घेतली की उडी कुणी मारली हे कुठेही बोलायचं नाही. मास्तरांनी हसत सही केली. मग त्यांनी आपली दोरी काढली. टोकाला शिशाचा गोळा, हाताहातावर गाठ. दोन तास ते कड्याखालच्या पाण्यात दोरी सोडत होते, सहा ठिकाणी. पंधरा गाठी भिजल्या तेव्हाच वर चढले. त्यांना पोहायला शिकवणाऱ्या गुरुजींनी घालून दिलेला नियम होता तो: पाणी ओळखीचं असलं तरी रोज नव्यानं विचारायचं. त्यांनी टाच आपटली ती सवयीनं, आणि अंगठा घासला तो लहानपणी मोडून वाकडा बसला होता म्हणून. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं पाय जवळून टिपले. दोरी मात्र सिनेमात कुठेच नव्हती.

हिरो वाईट असता तर बरं झालं असतं. तो छत्रीखाली अंग चोरून बसला होता, पाण्याकडे बघायचासुद्धा नाही. उडी झाल्यावर स्वतः टॉवेल घेऊन आला. "काका, भीती नाही का हो वाटत?" त्याचे हात थंडगार होते. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मास्तर त्यामुळे जास्तच जळायचे.

खांद्यावरचा गरुड चार दिवस निघेना. बायकोनं घासघासून कातडं लाल केलं. लेकीला कळू नये म्हणून मास्तर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसत. तिला सांगितलं होतं, मी नुसता सुरक्षेला होतो, हातात टायर घेऊन. त्यावरही ती आठवडाभर फुगून होती. "हिरो चार हातांवर होता आणि एक फोटो नाही काढलात? बाबा, तुम्ही ना!"

आता ती रोज संध्याकाळी पलंगावर पालथी पडून फोनवर ती उडी बघायची. परत, परत. मास्तर वर्तमानपत्राआडून कान टवकारून बसायचे. पोरगी म्हणायची, "आई गं, काय उडी आहे!" आणि मास्तरांच्या छातीत एकदम काहीतरी फुलायचं, दुसऱ्याच क्षणी आठवायचं की हे कौतुक आपल्या नावावर नाही. आपलेच दात, आपलेच ओठ! न राहवून ते म्हणायचे, "गुडघा वाकलाय त्याचा. डावा."

"तुम्ही जळता त्याच्यावर."

"मी? मी कशाला जळू?"

"मग आत्तापर्यंत चाळीसदा गुडघाच कसा दिसला?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं चाललं होतं. भिंतीवर हिरोचं चित्र लागलं. स्पर्धा तोंडावर आलेली, तरी मासोळी सरावाच्या वेळात मैत्रिणींकडून आपल्या उड्यांचे व्हिडिओ काढून घ्यायला लागली. आणि मास्तरांचा सगळ्यांत जिव्हारी लागलेला दिवस म्हणजे दोरीच्या तासाचा. दर वर्षी मोठ्या पोरांना ते दोरीनं खोली मोजायला शिकवत. या वर्षी दोरी बाहेर काढताच मागून कुणीतरी ओरडलं, "खोली विचारत बसणारे काठावरच राहतात!" सगळे खोखो हसले. मासोळीही हसली. मास्तरांनी तिचं हसणं तेवढं ऐकलं.

"जा तर मग, तुमच्या हिरोलाच विचारा," असं म्हणून त्यांनी दोरी गुंडाळून खुंटीला टांगली. पुन्हा तो तास घेतलाच नाही. घेणारही नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. रुसायला वय लागत नाही.

एका रविवारी दुपारी तलावावर आठेक वर्षांची एक शिकाऊ मुलगी कठड्याला धरून पाय मारत होती. पाय मारता मारताच म्हणाली, "मास्तर, तुम्ही नाही गेलात? मासोळीताई आज खाणीवर उडी मारणार आहे ना, हिरोसारखी. फोनवर थेट दाखवणार आहेत."

सहकाऱ्याला हाक मारून मास्तरांनी पोरं त्याच्या ताब्यात दिली, खुंटीवरची दोरी ओढली आणि ओल्या चड्डीवरच स्कूटर काढली. वाटभर एकच विचार डोक्यात होता, की पंधरा गाठी पाणी आहे, पोरीला येतं, काही होणार नाही. पण खाणीच्या तोंडाशी त्यांना ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. पाडलेल्या घराच्या विटा आणि सिमेंटचे तुकडे कड्यापर्यंत सांडले होते. कुणीतरी आपला राडारोडा गपचूप आणून खाणीत ओतला होता. पाणी वरून होतं तसंच, हिरवंगार.

मासोळी कड्यावर उभी होती. खाली दोन मैत्रिणी आपापले फोन धरून. टक, टक. अंगठा घासला.

हाक मारावी तर पोरगी दचकून तोल जायचा. मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली आणि तीन छोट्या फुंकरी मारल्या. तलावावर त्याचा अर्थ एकच: जिथे आहेस तिथेच थांब. तेरा वर्षांची सवय. मासोळीचं अंग जागच्या जागी थिजलं, आणि मग शिट्टी कुणाची ते कळून ती चिडून वळली.

"बाबा! सगळं थेट चाललंय! लोक बघतायत!"

"बघू देत. मागे हो आधी."

"तुम्हाला बघवतच नाही ना? तुम्ही जळताच त्याच्यावर!"

"जळतो," मास्तर धापा टाकत वर चढत म्हणाले. "खूप जळतो. तुझ्या भिंतीवरच्या त्या चित्रावरसुद्धा जळतो. पण मला आधी दोरी टाकू दे."

"त्यानं कुठे दोरी टाकली होती?"

"त्यानं नाही. मी टाकली होती. दोन तास. आणि उडीही मीच मारली होती."

खालून एक मैत्रीण फिसकन हसली. मासोळी हसली नाही. तिला बापाची लाज वाटली. तोंडावर स्पष्ट दिसलं ते. "बाबा, नका ना असं काहीही बोलू," ती हळूच म्हणाली. सगळ्या चेष्टेपेक्षा हे मास्तरांना जास्त लागलं. पण वाद घालायला वेळ कुणाला होता? ते कड्याच्या टोकाला गेले. रबरी चपला काढल्या, सवयीनं टाच दोनदा आपटली, वाकडा अंगठा दगडावर घासला आणि शिशाचा गोळा पाण्यात सोडला.

दोरी सुटली आणि लगेच सैल पडली. मास्तरांनी ती वर ओढून लेकीच्या हातात दिली. "मोज."

ओल्या गाठी चार होत्या. हातभर बाजूला टाकली, तर तीन. गोळ्याला विटेचा लाल चुरा लागून आला.

मासोळी गाठींकडे बघत नव्हती. ती बापाच्या पायांकडे बघत होती. तिनं एका मैत्रिणीला वर बोलावून तिचा फोन घेतला, सिनेमातली उडी काढली आणि पाय जवळून दिसतात तिथे थांबवली. पडद्यावरचा अंगठा बघितला, दगडावरचा बघितला. हे पाय रोज तिच्यासमोर जेवायला बसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग ती एकदम मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

एवढे महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण हा असा आला. मास्तरांना वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल. ती दगडावर गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"कागदावर सही केली होती गं. बोलायचं नाही म्हणून."

"ते उडीचं." तिनं नाक पुसलं. "दोरीवर पण सही केली होती का?"

मास्तर गोळ्यावरचा लाल चुरा बोटानं पुसत राहिले.

"तुम्ही रोज गुडघा गुडघा करत होतात, बाबा. पाणी बघून उडी मार, हे एकदा तरी म्हणालात?"

म्हणाले नव्हते. दोरी खुंटीला टांगून ते तोंड फुगवून बसले होते, आणि पोरगी चार गाठी पाण्यावर उभी होती. मास्तरांना कधी नव्हे ती स्वतःची चीड आली. "रुसलो होतो," ते म्हणाले. "तू हसलीस ना त्या दिवशी."

खाली राहिलेल्या दुसऱ्या मैत्रिणीला एवढ्यात आठवलं की तिचा फोन अजून चालूच आहे. बघणारे सतरा जण होते. त्यातल्या एकानं लिहिलं होतं, 'काका काय फेकतायत!' मैत्रिणीनं ते मोठ्यांदा वाचलं. मासोळीला रडता रडता हसू फुटलं. म्हणाली, "लिही त्याला, उद्या तलावावर ये. दोरीचा तास आहे. एक टोक मी धरणार आहे." मग बापाकडे न बघता म्हणाली, "पण गुडघा वाकलाय हं तुमचा. डावा. पाण्यात शिरायच्या जरा आधी."

"तुला दिसला?"

"न दिसायला काय झालं? दोनशे वेळा तरी बघितली असेल मी ती उडी."

मास्तर दोरी गुंडाळायला लागले. ओली गाठ कुठली आणि कोरडी कुठली, त्यांना काही दिसेना.