शेवटची संधी, पुन्हा एकदा

घरी कुणी आलं की विचारतं, "गेमच्या कंपनीत काय, मजा असेल ना?" मजा! खराडीतल्या त्या ऑफिसात मी खेळाडूंना निरोप लिहिते. इव्हेंट कधी सुरू, कधी बंद, काय बिघडलं. बिघडवणारे दुसरेच, शिव्या मात्र माझ्या इनबॉक्समध्ये. मग किस्से साठतील नाहीतर काय!

आमचा गेम घर सजवायचा. सणासुदीला थोड्या दिवसांचा इव्हेंट असतो. तेवढ्यात खेळलात तर खास वस्तू मिळते, नाहीतर गेली. हे सगळं ठरवतो आमचा प्रॉडक्ट हेड, मकरंद.

*

दिवाळीला पैठणीचा आकाशकंदील होता. मकरंद म्हणाला, "लिही, शेवटची संधी. पुन्हा कधीच मिळणार नाही!" लिहिलं. लोक फराळ बाजूला ठेवून खेळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद माझ्या डेस्कपाशी हजर. "नंबर मस्त आलेत. आठवडाभर वाढवू!"

"अरे, काल आपण 'कधीच नाही' म्हणालो!"

"ते काल."

संध्याकाळी एका निवृत्त शिक्षिकेची मेल आली. एकच ओळ. "'शेवटची संधी' याचे अनेकवचन कसे करावे, कृपया कळवावे."

*

संक्रांतीला मला लिहायला सांगितलं, "आज रात्री बारापर्यंत." मी विचारलं, "कुठले बारा?"

"बारा म्हणजे बारा!" मकरंद खेकसला.

सर्व्हर होता जपानच्या वेळेवर. साडेआठलाच इव्हेंट बंद! एका गृहस्थांनी लगेच लिहिलं, "अहो, आमच्याकडे आत्ता कुठे कुकर लागलाय. बारा तुमचे वाजलेत."

भरपाई म्हणून मकरंदने सगळ्यांना हलव्याचे दागिने वाटले. ते फक्त संक्रांतीच्याच इव्हेंटमध्ये वापरता येतात. आणि तो तर बंद झालेला! त्याच गृहस्थांचं उत्तर आलं, "लग्न लागल्यावर अक्षता पोचल्या. आभारी आहोत."

मी ते संतापून मकरंदला दाखवलं. तो खूश! "आभारी म्हणालेत ना? पॉझिटिव्ह फीडबॅक!"

*

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. येरवड्याच्या एका बाईंनी लिहिलं, "आईला आयसीयूत ठेवलं होतं, त्यात इव्हेंट हुकला. आम्ही दोघी एकाच अकाउंटवर खेळतो. तिला ते तुळशीवृंदावन फार हवं होतं. काही करता येईल का?"

आमच्या सिस्टिमने त्यांना आपोआप उत्तर धाडलं, "वॉव! तुमचा अनुभव ऐकून आम्हाला खूप आनंद झाला!"

माझ्या डोक्यात सणकच गेली. तशीच उठून मकरंदकडे गेले. "त्यांना वृंदावन दे. एक बटण दाबायचंय."

"एकीला दिलं की सगळे मागतील."

"सगळ्यांच्या आया आयसीयूत आहेत का?"

तेवढ्यात शेजारच्या डेस्कवरून आमच्या टेस्टर प्राजक्ताचा आवाज आला. "दिलं मी." मकरंदने वळून पाहिलं, तर स्क्रीनवरून नजरही न काढता ती म्हणाली, "टेस्टिंग चालू आहे."

आठवड्याने बाईंचा निरोप आला. "आई घरी आली. वृंदावन दारात ठेवलंय तिने."

*

होळीला तर कहर झाला. इव्हेंट चालू असताना अपडेट सोडला आणि लोकांनी सजवलेली घरंच पुसली गेली! मकरंद विमानात, फोन बंद. त्याने मंजूर करून ठेवलेला मजकूर होता, "काही खेळाडूंची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत."

प्राजक्ता ओरडली, "असल्यास? लोकांची घरं गेली!"

मी तो मजकूर खोडला आणि लिहिलं, "चूक आमची आहे. नीट न तपासता अपडेट सोडला. तुमची घरं परत आणतोय, त्याला वेळ लागेल. तोवर इव्हेंट थांबवलाय, कुणाचंही काही बुडणार नाही. माफ करा."

कुणालाही न विचारता पाठवून दिलं. शिव्यांचा ओघ हळूहळू थांबला. कुणीतरी लिहिलं, "पहिल्यांदाच माणसासारखं बोललात." घरंही सगळ्यांची परत आली.

मकरंद परतला आणि त्याने आम्हा दोघींना मीटिंग रूममध्ये बोलावलं. प्राजक्ताने तोवर रेझ्युमे अपडेट करून ठेवला होता. मोठ्या स्क्रीनवर माझा निरोप. त्याने तो दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"जबरदस्त! लोकांचा रिस्पॉन्स बघ!" मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पुढच्या इव्हेंटसाठी हे आत्ताच शेड्यूल करून ठेव."