अंगठीच्या मापाचा दोरा

साखरपुडा झाला आणि आठ दिवसांनी हुबळीहून दोरा आला. नवऱ्या पोराच्या बोटाचं माप. आमच्यात जावयाला सोन्याची अंगठी घालतात. लढाईचे दिवस, कापड मिळायचं न्हाई, म्हणून अप्पा म्हणाले, बाकीचं मागनं बघू, आधी अंगठीचं उरकू.

आमचं गाव अळणावरजवळ. अप्पा दुसऱ्याच्या रानात राबायचे, आई भातलावणीला जायची. सोनं म्हणजे आईच्या कानातल्या बुगड्या, तेवढंच. त्या तिनं काढून अप्पांच्या हातात दिल्या. अप्पा रेल्वेनं धारवाडला सोनाराकडं गेले आणि सांजच्याला बुगड्या तशाच घेऊन परत आले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"सोनार म्हणतोय, हे बाप्याचं बोट न्हाई. बाईचं हाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोरगा किरकोळ हाय. तर तो हसला. म्हणाला, घेऊन जा, नीट माप आणा."

आईनं तो दोरा स्वतःच्या करंगळीशेजारच्या बोटात घालून बघितला. बरोबर बसला. तिनं बुगड्या परत कानात घातल्या, तेव्हाच मला कळलं की हिच्या मनात काहीतरी आलंय.

दुसऱ्या दिवशी भात सडताना मला म्हणाली, "साखरपुड्यात त्यानं नारळ कसा घेतला, तुला आठवतंय का?"

मी मान खाली घालून बसलेली, मला काय दिसणार. पण हात दिसले होते. म्हणजे हात न्हाई, उपरणं दिसलं होतं. दोन्ही हातांवर उपरणं पसरून त्यानं नारळ घेतला होता, आणि सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, बघा किती मर्यादेचा पोरगा.

"कुंकू लावून घेताना?"

"उपरणं होतं."

"पान खाताना?"

"डाव्या हातानं खाल्लं."

आईचं मुसळ थांबलं. मग ती परत सडायला लागली.

तिनं हुबळीला निरोप धाडला. याद्या करायला या, कुणी काय आणायचं ते ठरवू, आणि जावयाला घेऊन या. अप्पा म्हणाले, याद्यांना पोराचं काय काम. आई म्हणाली, "मला काम हाय."

आणि तिनं जेवणाला काय करावं? दोन दिवस आधी जोंधळ्याच्या भाकऱ्या थापून, चुलीपाशी उभ्या करून कडक वाळवल्या. पापडासारख्या. मी म्हटलं, विहीण येणार आणि हे? तर म्हणाली, "तू वाढायचंस. वाढताना वर बघायचं न्हाई, पानात बघायचं."

ते आले. पोरगा बापाशेजारी पाटावर बसला, उजव्या हातावर उपरणं होतंच. मी वांग्याची भाजी वाढली, कडक भाकरी वाढली. सासू दाराशी उभी होती. तिचा चेहरा पडला.

"विहीणबाई, याद्यांच्या जेवणाला भाकरी?"

"आम्ही कामकरी माणसं," आई म्हणाली. "गोड मागनं हाय. आधी भाकरी मोडू दे."

"त्याच्या पोटात बरं न्हाई. त्याला दूधभात घाला."

"आल्यापासनं तर बरं होतं की."

सासू परत काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात पोरगा कानडीत म्हणाला, "साक, अव्वा." पुरे, आई. आणि त्यानं उपरणं काढून बाजूला ठेवलं.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. मुळापासनं. त्यानं भाकरीवर तळवा ठेवला, दाबला, काडकन मोडली आणि भाजीला लावून खाल्ली. कापसाची सरकी काढायच्या जिनात गेली म्हणाला, दोन वर्षं झाली. एवढंच बोलला. अप्पांचा घास हातातच राहिला.

"मग दोरा कुणाच्या बोटाचा?" आईनं विचारलं.

सासू म्हणाली, "माझ्या. हा माप द्यायला हातच पुढं करीना. आधी दोन जागांवर न्हाई म्हणाले, म्हणून झाकलं."

आई आत आली. चुलीमागं मला धरून हळूच म्हणाली, "साखरपुडा मोडला तर चार लोक बोलतील. बोलू देत. तुला नको असंल तर आत्ता सांग, मी बघून घेते."

मला हाताची भीती वाटली न्हाई. आमच्या गावात उसाच्या चरकात हात गेलेली माणसं होती, नांगर धरत होती. मला भीती वाटली ती उपरण्याची. मी म्हटलं, "हात चालंल. आणखी काय झाकलंय ते विचार."

आईनं बाहेर जाऊन तसंच विचारलं, सगळ्यांसमोर. सासूनं देवापुढच्या भंडाऱ्याला हात लावून सांगितलं, आणखी काही न्हाई. आईनं ऐकून घेतलं. तिला पटलं असंल असं मला वाटत न्हाई. तिनं जुना दोरा चुलीत टाकला, नवा आणला, त्याला डावा हात पुढं करायला लावला आणि स्वतः माप घेतलं. एकदा घेतलं, सोडलं, परत घेतलं. मग दातानं दोरा तोडून पदराला गाठ मारली आणि कानातल्या बुगड्या काढून अप्पांना दिल्या.

मग याद्या झाल्या. काय आणायचं, काय न्हाई, मी काही ऐकलं न्हाई. मी दाराच्या फटीतनं बघत होते. मंडळी उठली, अंगणात तांब्यानं पाणी घेऊन ह्यांनी पाय धुतले, आणि वहाणा घालायच्या आधी मी ह्यांच्या पायाची बोटं मोजली.

दहा होती. तेव्हा आत येऊन लग्नाचे तांदूळ निवडायला घेतले.